डाव्या बाजूची बकलं

चौदा नोव्हेंबरला काकूंनी हूडवाल्याला नऊ हजार तीनशे चाळीस रुपये मोजून दिले आणि जीपचं नवं हूड घडी घालून घरी आणलं. ठरले होते नऊ हजार चारशे. वरचे साठ पर्समध्ये निघाले नाहीत.

"नंतर देते," काकू म्हणाल्या.

"द्या की. पळून कुठे जाणार? तुमची जीप मला आवाजावरून ओळखू येते," हूडवाला म्हणाला. मग त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि तो लेकीच्या गावी निघून गेला. तिचे दिवस भरत आले होते, त्यामुळे आठ-दहा दिवस तरी तो परतणार नव्हता.

जीप घरात आली ती काकांमुळे. काका तंबू शिवायचे. एकदा एका लिलावात ते ताडपत्री घ्यायला म्हणून गेले आणि जीप घेऊन आले. का, असं विचारलं तर म्हणाले, "अगं, हूडाचं कापड तर बघ, कसलं दणकट आहे!" इंजिनाचं झाकण उघडून पाहायचं त्यांना सुचलंही नव्हतं. शिवाय चालवायला बसले की त्यांना घाम फुटायचा. शेवटी काकूच शिकल्या. तेव्हापासून चाकामागे काकू आणि शेजारच्या सीटवर काका, अशी वाटणी झाली आणि ती कायम राहिली. दोन मुलींची शिक्षणं आणि लग्नं त्या जीपवर झाली. लोक काकूंना जीपवाली काकू म्हणत आणि काकांना जीपवाल्या काकूंचे काका.

मुख्य मिळकत डोंगरावरच्या अतिथिगृहाची. स्टेशनवरून पाहुणे आणायचे आणि संध्याकाळी त्यांना तळ्यावरच्या कड्यापर्यंत फिरवायचं. जीप उघडी असल्यामुळे चारी बाजूंचं दिसायचं, पाहुणे खूश असायचे. मात्र वरच्या हवेचा काही नेम नव्हता. लख्ख उन्हात एखादा ढग यायचा आणि बघता बघता सर झोडपून जायची. ढग दिसला की काकू गाडी बाजूला घेत. त्या उजवीकडून उतरत, काका डावीकडून. मागच्या सीटमागे दुमडून ठेवलेलं हूड दोघं एकदम पुढे ओढत, लोखंडी कमानी उभ्या राहत, पुढची पट्टी काचेच्या चौकटीवर बसे आणि मग दोघं आपापल्या बाजूचे पट्टे कमानीच्या नळ्यांना बकलांनी आवळत. बोलायची गरज पडत नसे. सर येईपर्यंत दोघं पुन्हा आपापल्या जागी.

या वर्षी काकांचा डावा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जायचं नाव घेईना. त्यातच जुनं हूड शिवणीत फाटलं. ऑक्टोबरात एका सरीने चार पाहुण्यांना नखशिखान्त भिजवलं. त्यातल्या एकाच्या बॅगेत दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतीची सर्टिफिकेटं होती. अतिथिगृहाचा मॅनेजर मनाने वाईट नव्हता, पण शिव्या त्यानेच खाल्ल्या होत्या.

"काकू, बंद व्हॅनवाला रोज माझ्या टेबलासमोर येऊन बसतो," तो म्हणाला. "मी त्याला किती दिवस चहा पाजू? नवं हूड करा. ते आलं की लगेचच्या सोमवारी मी माळ्याला पाण्याचा पाइप घेऊन उभा करतो. पाहुणे भिजायच्या आत हूड लागलं तर वर्षाची फेरी तुमची. नाही लागलं तर व्हॅनची."

"आणि लागलं तर तो चहा मला पाजा," काकू म्हणाल्या. मॅनेजरला हसू आलं, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. फेरी गेली तर जीप पोसणं परवडणार नव्हतं, ती विकावीच लागली असती. ते दोघांनाही माहीत होतं.

काकांच्या जागी काकूंनी नणंदेला उभं केलं. नणंद दोन घरं सोडून राहायची. हाताची खमकी आणि तोंडाची त्याहून.

"मला काय मिळणार?" तिने आधीच विचारलं.

"पुण्य."

"ते तुम्हालाच ठेवा वहिनी. मला कड्यापर्यंत फुकट फेरी पाहिजे."

शनिवारी सकाळी अंगणात सराव सुरू झाला. हूड झकास बसलं. कमानी उभ्या राहिल्या. काकूंची उजवी बाजू आवळून झाली, तरी नणंद पहिल्याच बकलाशी झटापट करत होती. पट्टा आत जाईना. गेला तर ओढता येईना. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

"वहिनी, तुमच्या गाडीला मी आवडत नाही."

"गाडीला कोणीच आवडत नाही वन्सं. तुम्ही ओढा."

"काय ओढू? हे बक्कल तोंड फिरवून बसलंय!"

काकू वळसा घालून तिकडे गेल्या. त्यांनी स्वतः पट्टा धरला. त्यांनाही जमेना. मग त्यांनी दोन्ही बाजू निरखून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. डावीकडची तिन्ही बकलं उलटी शिवलेली होती.

"हूडवाल्याने घोळ घातला," नणंद म्हणाली.

पायरीवर बसलेले काका खाकरले. "त्याने नाही घातला. जुन्या हूडाला मीच तशी शिवली होती. मी डावरा ना. माझ्या हाताला तशीच बरी पडायची."

एवढ्या वर्षांत काकूंनी डाव्या बाजूचं एकही बक्कल लावलं नव्हतं, त्यामुळे ती कशी आहेत हे त्यांना कधी कळलंच नाही. हूडवाल्याकडे जुनं हूड टाकताना त्यांनीच बजावलं होतं, "हुबेहूब असंच पाहिजे, टाकासुद्धा इकडचा तिकडे नको." बिचाऱ्याने तसंच केलं होतं. ज्याचा हात वर जात नाही अशा डावऱ्या माणसासाठी नवंकोरं हूड तयार झालं होतं.

"दादा, तेव्हाच नाही का सांगायचं?" नणंदेने काकांना धारेवर धरलं.

"मला कोणी विचारलं? मला फक्त बिल दाखवलं."

उसवून पुन्हा शिवावं म्हटलं तर ते जाड कापड घरच्या मशीनला झेपणारं नव्हतं आणि हूडवाला लेकीकडे. काकूंनी हताश होऊन बसकण मारली नाही, एवढं खरं. त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा करू. सवयीने जमेल."

सवयीने जमलं नाही. ऊन चढलं तशी नणंद वैतागली आणि सरळ जीपमध्ये चढून हूडाच्या सावलीत बसली. "मी आता पाहुणी," तिने जाहीर केलं. "मला कड्यावर न्या." बसल्या बसल्या तिचा हात कमानीच्या नळीला लोंबणाऱ्या पट्ट्याकडे गेला. चाळा म्हणून तिने तो बकलात घातला आणि पुढे ओढला. पट्टा सर्रकन आवळला गेला.

काकूंनी ते पाहिलं. "वन्सं, काय केलंत?"

"काही नाही हो! तुटलं का?"

"सोडा. परत लावा."

नणंदेने परत लावलं. पुन्हा सर्रकन. काकू आत चढल्या, तिच्या मागच्या सीटवर बसल्या, डावीकडे वळल्या आणि उजव्या हाताने दुसरा पट्टा ओढला. लोण्यासारखा गेला. बाहेरून डावऱ्या हाताला सोयीची असलेली बकलं आतून उजव्या हाताला नेमकी सोयीची होती.

"अहो," काकू आतूनच ओरडल्या, "तुम्ही पाहुण्यांसाठी शिवलंय हे!"

"मला आधीपासून माहीत होतं," काका म्हणाले. त्यावर बहीण आणि बायको दोघी एकदमच हसल्या.

सोमवारी मॅनेजरने पाहुणे निवडले. जाड भिंगांच्या चष्म्याच्या एक बाई आणि त्यांचे नवरोजी, आदल्याच दिवशी आलेले. जोडीला नणंद होतीच, तिची फुकट फेरी ठरली होती. काकूंनी बाईंना मधल्या सीटवर डावीकडे बसवलं, नवरोजींना त्यांच्या मागे, आणि नणंदेला सगळ्यात मागे आडव्या फळीवर. काका पुढे, शेजारी. हूडाची पुढची पट्टी काचेच्या चौकटीला अडकवणारे खटके बसल्या जागेवरून लागत, ते उजव्या हाताने लावणं काकांना जमत होतं.

"हा पट्टा तुमचा," काकू बाईंना म्हणाल्या. "तो साहेबांचा. डोक्यावर कापड आलं की आत घालायचा आणि पुढे ओढायचा. बस्स."

मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काकू, पाहुण्यांना कामाला लावणार?"

"पट्टा बांधायला विमानातसुद्धा लावतात," काकू म्हणाल्या. "आणि तिथे भाडं किती घेतात!"

बाईंना ते पटलेलं दिसलं. त्यांनी पट्टा आधीच मुठीत धरला. "मला चालेल. यांचं सांगता येत नाही. यांना घरी पडद्याची दोरीसुद्धा सापडत नाही."

"सापडते," मागून नवरोजी म्हणाले.

मॅनेजरने हात वर केला. माळ्याने नळ सोडला. पाइपमधलं पाणी उंच उडालं आणि जीपच्या दिशेने सरकू लागलं. काकूंनी खाली उडी मारली, हूडाची कड धरून पुढे धाव घेतली. कमानी धडाधड उभ्या राहिल्या. काकांनी खटके लावले, एक, दोन. काकू उजवीकडचे पट्टे आवळत होत्या. बाईंचा पट्टा केव्हाच लागला होता. नणंदेचाही. नवरोजींनी मात्र घाईत कापड यायच्या आधीच पट्टा ओढला होता आणि आता कापडाची कड हवेत फडफडत होती. पाणी बॉनेटपर्यंत आलं.

"अहो, सोडा आणि पुन्हा घाला!" बाई मागे वळून ओरडल्या. "पडदा समजा!"

नवरोजींनी पट्टा सोडला, कड खाली ओढली, पट्टा आत घातला आणि दात-ओठ खाऊन ओढला. सर्रकन आवाज आला. त्याच क्षणी हूडावर पाणी तडतडायला लागलं. माळीही इरेला पेटला होता. त्याने पुढून मागून, तिरकं, सरळ, सगळीकडून पाणी मारलं.

नळ बंद झाल्यावर मॅनेजरने आत डोकावून पाहिलं. बाईंचा चष्मा कोरडा होता. नवरोजी छाती काढून बसले होते. काका शिट्टी वाजवत होते.

"पण तुम्ही तर चिंब भिजलात," तो काकूंना म्हणाला.

"मी पाहुणी नाही," काकू पदर पिळत म्हणाल्या.

मॅनेजर कागद आणायला वळला, पण बाईंनी त्याला थांबवलं. "ते नंतर. संध्याकाळी कड्यावर याच गाडीने जायचं आहे. आणि हाच पट्टा माझा. यांना दुसरा द्या."

"मला हाच पाहिजे," नवरोजी म्हणाले. "आत्ता कुठे हात बसलाय."

वर्षाच्या फेरीच्या कागदावर सही त्याच दुपारी झाली आणि चहाही मॅनेजरने पाजला. व्हॅनवाला दारातून दोन्ही पाहून गेला. परत येताना नणंदेने विचारलं, "हूडवाला आला की बकलं सरळ करून घेणार ना?"

"मुळीच नाही," काकूंनी गिअर टाकला.

काकांनी उघड्या बाजूने उजवा हात बाहेर काढला आणि आपल्या जुन्या नमुन्याच्या त्या नव्या हूडावर प्रेमाने थाप मारली.

हूडवाल्याच्या लेकीला मुलगा झाला. हूडवाला परत आला आहे, दुकान उघडलं आहे. त्याचे साठ रुपये अजून द्यायचे आहेत.