फुकटच्या अंगणाचं भाडं

फुकट मिळणारी जागा सोडून मी जालन्यात मंगल कार्यालयं शोधत हिंडत होते, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. एकुलत्या एका पोरीचं लग्न ठरलेलं, घरात कमावणारी मी एकटी, पाटबंधारे खात्यात कारकून, तीही नवऱ्याच्या जागी लागलेली. आणि तिकडे वाटूर फाट्यापासून आत, सासरच्या गावात, घरापुढं ऐसपैस अंगण, बोअरला पाणी, शेजारी शाळेचं मैदान आणि वऱ्हाडाला उतरायला सुट्टीतल्या रिकाम्या वर्गखोल्या. थोरल्या दिरांनी निरोप धाडला होता, "कार्यालयाचा खर्चा कशाला? दारात लग्न करू." याला नाही म्हणायचं तर कारण लागतं, आणि माझं खरं कारण मी कुणाला सांगत नव्हते.

कारण असं होतं. त्या अंगणात लग्न झालं की कन्यादानाला थोरले दीर आणि जाऊबाई बसणार. पाटावर जोडी लागते, अशी रीत. माझी जोडी मोडून बरीच वर्षं झाली होती. पोरीला वाढवलं मी, तिच्या आजारपणात जागले मी, गणितात नापास झाली तेव्हा तिच्याहून जास्त रडले मी. पण तिचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली, की मी कोठीच्या खोलीत लाडवांची पातेली राखत बसायचं. हे माझ्या मनाचे खेळ नव्हते. माझ्या चुलत जावेचं तसंच झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचा नवरा गेला, त्यानंतर तिच्या लेकीचं लग्न याच अंगणात झालं, पाटावर हेच दोघं बसले, आणि ती कोठीच्या दारात किल्ली कमरेला खोचून अक्षता पडेपर्यंत उभी राहिली. मग आत वळली. मी तेव्हा सवाष्ण होते, पुढं बसले होते. मान वळवून एकदा तिच्याकडं पाहिलं, तेवढंच.

तर मला माझ्या ऐपतीतली अशी जागा हवी होती, जिथं मी पाटावर बसले तरी कुणाच्या पोटात दुखणार नाही. लोकांना मी भलतीच कारणं सांगत होते. गाड्या लावायची सोय. संडास-बाथरूम. जाफराबादकडून येणारं वऱ्हाड, त्यांना जालना जवळ. एक मावससासू तोंडावर म्हणाल्या, "नोकरी लागली आन् गाव नको झालं हिला." मी हसून सोडून दिलं. त्यांना खरं सांगितलं असतं, तर पत्रिका छापून व्हायच्या आत ते घरोघर पोचलं असतं.

पोरीला मात्र माहीत होतं. ती एकदा म्हणाली, "आई, तू बसणार नसशील तर मी सरळ कोर्टात लग्न करते." मी म्हटलं, "धमक्या नवऱ्यासाठी राखून ठेव, लागतील पुढं."

दिरांना वगळून जागा ठरवणं शक्यच नव्हतं, ते घरातलं थोरलं माणूस. एका रविवारी सकाळच्या एसटीनं ते आणि जाऊबाई आले. थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी थेट बोलत नाहीत, ही आमच्याकडची जुनी चाल. कचेरीत मी साहेबांशीही भांडते, पण यांच्यापुढं पदर डोक्यावर आणि बोलणं पोरीमार्फत. हातभर अंतरावर उभे राहून ते विचारणार, "तुह्या आईला इचार, हितं पाणी कशाचं?" आणि मी म्हणणार, "मोठ्या बाबांना सांग, टँकरचं." पोरगी वैतागून गेली. म्हणाली, "मी चहा प्यायला गेले तर तुम्ही दोघं मुकेच बसाल."

पहिली जागा बायपासवरची. नाव लॉन्स, पण हिरवळ प्लास्टिकची. दिरांनी ती चपलेनं दाबून पाहिली आणि मॅनेजरला म्हणाले, "एक बरंय, जनावरं शिरायची न्हाईत." मॅनेजर फुलांच्या कमानी, धुराचं मशीन, नवरीच्या एंट्रीची पालखी असं एकेक सांगत गेला. भाडं ऐकल्यावर दिरांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. आम्ही बाहेर पडलो.

दुसरी जागा दुकानांच्या वर, दोन उंच जिने चढून. जाऊबाई पदर खोचून सगळ्यांच्या पुढं निघाल्या. मी मधल्या कठड्याला धरून धापा टाकत होते, तोवर त्या वरचं स्वयंपाकघर बघूनसुद्धा आल्या. "खिडकी न्हाई. आचारी उकडून निघंल," एवढं म्हणाल्या आणि तशाच खाली उतरायला लागल्या. त्या मुळातच कमी बोलतात. मी सून म्हणून आले तेव्हापासून आमचं बोलणं चूल, पाणी, दळण यापलीकडं फारसं गेलं नव्हतं. त्या दिवशीही त्या प्रत्येक ठिकाणी फक्त स्वयंपाकघर बघत होत्या, स्टेजकडं ढुंकूनही पाहत नव्हत्या.

तिसरी जागा जुन्या जालन्यात, एका गल्लीच्या टोकाला. छोटंसं कार्यालय, पुढं कडुनिंब, भिंतींना नुकताच दिलेला पिवळा रंग, पंखे सगळे चालू. भाडं माझ्या पगाराला झेपण्यासारखं. मला ती जागा बघताक्षणी आवडली. इथं आमच्या गावचे मोजके लोक येतील, बाकी कचेरीतले, कॉलनीतले, त्यांना आमच्या रीतींशी काय देणंघेणं. मी मनातल्या मनात खुर्च्या मांडायलासुद्धा लागले.

तिथल्या व्यवस्थापकानं कोपऱ्यात टेकवलेले दोन पाट दाखवले. म्हणाला, "कन्यादानाला हेच देतो आम्ही. जोडी कुणाची बसणार? पाट लहान पडत असतील तर आधीच सांगा."

"आम्ही दोघं," दीर म्हणाले. "मी आन् ही. दुसरं कोण बसंल?"

हे मी त्यांना हळूहळू, पोरीच्या तोंडून, हॉल ठरल्यावर सांगणार होते. पण त्यांचं ते 'दुसरं कोण' ऐकलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. "मी बसणार," मी म्हटलं.

दिरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पोरीला विचारलं, "काय म्हणून राह्यली तुही आई?"

"बराबर ऐकलं तुम्ही, मोठे बाबा."

"असं कुठं असतंय का? जोडी लागती. आन् माह्या भावाची पोर हाये ती. तो गेल्ता तवाच मी ठरवलं, हिचं कन्यादान आपण करायचं. मला काहीच वाटत न्हाई का?" शेवटी त्यांचा आवाज फाटला. मला इतके दिवस त्यांचा हक्क तेवढा दिसत होता, त्यांचं दुःख दिसलं नव्हतं. तरी मी मागं हटले नाही. मलाही वाटत होतंच की.

व्यवस्थापक शहाणा, तो पंखा बंद करायचं निमित्त काढून निघून गेला. जाऊबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून पाणी पीत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मला न्हाई बसता यायचं पाटावर," त्या म्हणाल्या. "माहे गुडघे धरलेत."

"कवापासून?" दिरांनी विचारलं.

"लई दिसांपासून. तुम्ही इचारलंय कधी?"

दोन जिने माझ्या डोळ्यांपुढं उभे राहिले. पोरीनं ओठ दाबून धरले होते. दीर बायकोकडं वळले. या बाईनं उभ्या जन्मात त्यांना नाही म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

"मंग मी काय एकटा बसू?"

"तुम्ही कशाला? आई हाये की पोरीला."

मला वाटलं, झालं. मी पर्स उघडली आणि पोरीला म्हटलं, त्या माणसाला बोलाव, आत्ताच इसार देऊन टाकू. तर जाऊबाई म्हणाल्या, "हितं कशाला? घरी अंगण पडलंय ना. जालन्यात दुखलेले गुडघे गावाला कसे दिसतील?"

मला इतका राग आला! किती महिने मी अशी जागा शोधत होते जिथं ओळखीचं कुणी बघणार नाही, आणि ही बाई मला सगळ्या गावापुढं बसवायला निघाली होती. तिचं काय जातं, ती खुर्चीवर बसणार. विचार करून सांगते, एवढं म्हणाले आणि कार्यालयाच्या बाहेर येऊन कडुनिंबाखाली उभी राहिले.

पोरगी रिक्षा शोधायला गेली होती, तेवढ्या वेळात राग उतरला आणि खाली भीती उरली. नुसती भीतीच होती ती. त्या गावात मी सून म्हणून उतरले, नवऱ्याला तिथंच अग्नी दिला, तिथल्या बायकांनी माझ्या बांगड्या काढल्या. मी पोरीची आई आहे हे जालन्यातल्या परक्या लोकांना पटवून मला काय मिळणार होतं? त्यांना ते पटलेलंच होतं. मी परवडणारी जागा शोधत होते असं सगळ्यांना सांगत होते, पण मला परवडत नव्हतं ते गावचं अंगण. त्याचं भाडं पैशात नव्हतं.

बसस्टँडवर त्यांना सोडायला गेलो. गाडी लागली होती, जाऊबाई आत जाऊन बसल्या होत्या. मी पोरीला म्हटलं, "मोठ्या बाबांना सांग, लग्न गावातच करू." ते पोरीनं सांगायची वाट न बघता पहिल्यांदाच माझ्याकडं वळून म्हणाले, "बसायचं तर नीट बस. लोकं बघून राह्यले म्हणून मधीच उठून कोठीत पळू नको."

"न्हाई पळणार, भाऊजी," मी म्हटलं. तेही पहिल्यांदाच.

लग्नाच्या दिवशी अंगणात मांडव पडला, जाफराबादचं वऱ्हाड शाळेत उतरलं, आणि जाऊबाई मांडवात अगदी मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसल्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून गुडघ्यांचं सांगत होत्या. कुठं दुखतं, कसं दुखतं, कोणतं तेल लावलं. जन्मात बोलल्या नसतील तेवढं त्या दिवशी बोलल्या. कन्यादानाच्या वेळी एक म्हातारी माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "ही कशी काय बसली वं?" जाऊबाई तिच्याहून मोठ्यानं म्हणाल्या, "मंग काय करता? मला खाली बसताच येत न्हाई बिलकुल."

भटजींनीही दिरांकडं पाहिलं. दीर म्हणाले, "बसल्यात ना त्या. चालू करा जल्दी, गरमी लई हाये." दुसरा पाट उचलू का, असं भटजींनी मला विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. पोरीचे हात माझ्या ओंजळीत आले, ते गार पडले होते, थंडीत शाळेतून यायची तेव्हा असायचे तसे. झारीचं पाणी आमच्या हातांवरून खाली गेलं. मी मान खाली घातली नाही. रडले मात्र, आणि ते कुणापासून लपवलं नाही.

शेवटच्या पंगतीला घरच्या बायका उरलो. मांडवात सतरंजी टाकली होती. जन्माच्या सवयीनं असेल किंवा दिवसभराच्या थकव्यानं, जाऊबाई खुर्ची सोडून सरळ खाली आल्या आणि मांडी घालून माझ्या शेजारी बसल्या. समोर माझी ती चुलत जाऊ बसली होती. कोठीची किल्ली आजही तिच्याच कमरेला होती. ती जाऊबाईंच्या मांडीकडं बघत राहिली. मग हसल्यासारखं करून, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "माह्या पोरीच्या वेळंला न्हाई दुखले वं बाई तुमचे गुडघे."

जाऊबाईंचा घास हातात राहिला. मी पानाकडं बघत होते, कारण त्या वेळी पुढं बसलेली मीही होतेच.

"तवापासूनच दुखून राह्यलेत," जाऊबाई म्हणाल्या.

 चुलत जावेनं कमरेची किल्ली काढून सतरंजीवर ठेवली, आणि वाढपी भात घेऊन आला तेव्हा आधी जाऊबाईंच्या पानाकडं बोट दाखवलं.