कुमुद मारुतीभक्त नव्हती

हेमंतचा, माझ्या मुलाचा, हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "आई, आत्या गेली," तो म्हणाला. मी म्हटलं, बरं, सावकाश ये. आणि मेथी पुन्हा कागदात गुंडाळून ठेवली. त्या दिवशी घरात गॅस पेटणार नव्हता. आलेल्या बायका म्हणाल्या, सुटली बिचारी. कुमुद सुटली वगैरे काही नाही. तिला अजून जगायचं होतं, मूत्रपिंडांनी जगू दिलं नाही.

कुमुद माझी धाकटी नणंद. लग्न केलं नाही, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि शेवटपर्यंत स्नेहलतागंजच्या आमच्याच घरात मागच्या खोलीत राहिली. ती गेल्यावर हेमंतने पेपरात दिलं : 'निवृत्त प्राध्यापिका आणि निस्सीम मारुतीभक्त'. शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, कुमुदताईंनी आयुष्यभर वानरसेवा केली. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर मी हेमंतला म्हटलं, अरे, ती काय शिकत होती ते लिहायचं होतंस. तो म्हणाला, "आई, असलं पेपरात देतात का?"

देतात. मी देते आहे. माकडांच्या मादीचे गाभण राहायचे दिवस आले की ती कसा आवाज काढते आणि त्यातून नराला काय कळतं, हे कुमुद शिकत होती. जन्मभर तेच शिकली.

सुरुवात इथल्या चिडियाघरात झाली. तिथे दक्षिणेकडची काळी, आयाळवाली माकडं होती. तरुण मुलीने एकटीने दिवसभर पिंजऱ्यासमोर बसायचं नाही, म्हणून सासूबाईंनी मला सोबत धाडलं. मी चौथी पास, मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण स्वयंपाकातून सुटका होत होती. टेंपोने जायचं, ती टेपरेकॉर्डर घेऊन उभी, मी बाकावर. मंगळवारी-शनिवारी लोक पिंजऱ्याला हात जोडायचे. एक म्हातारा रोज कुमुदला म्हणायचा, "बेटी, बजरंगबली तेरी सुनेंगे." ती म्हणायची, "बाबा, अभी तो मैं सुन रही हूँ. आप ज़रा चुप रहो."

सासूबाईंना वाटे, पोर मारुतीची सेवा करते. गल्लीत त्या तसं सांगतही असत. दर शनिवारी माझ्याकडे चणे-गूळ द्यायच्या, वानरांना घाल म्हणून. खायला घालायला मनाई होती. तो गूळ आणि ते चणे आम्ही दोघीच खात होतो.

मग कुमुदला ती माकडं मोकळी राहतात त्या जंगलात, खाली दक्षिणेत, काही महिने जायचं ठरलं. सासूबाई खूश. रामेश्वरही होईल म्हणाल्या. हे, म्हणजे माझे यजमान, कुमुदला हळूच म्हणाले, "तू गप्प बस. जायला मिळतंय ना?" ती म्हणाली, "दादा, मागाहून कळलं तर आई मला अर्ध्यातून परत बोलावेल. आत्ताच सांगते."

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. कुमुदने टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवला आणि बटन दाबलं. तो आवाज कसा सांगू... तुटक, एकामागून एक, चढत जाणारा. सासूबाईंचं लाटणं थांबलं.

"कोण मेलं गं?"

"कोणी नाही, आई. मादी आहे. तिचे दिवस आले की ती नराला असं कळवते. मी हे शिकते. सेवा करत नाही."

ह्यांनी चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, संपलं. जंगल राहिलं, चिडियाघरही बंद.

"मोठ्याने? सगळ्यांदेखत?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"माहेरी हातोदला आमची गाय हंबरायची तशी." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "आणि दिवस नसले तर?"

"बहुतेक गप्प असते. पण कधीकधी तेव्हाही ओरडते. नराला पक्कं कळू देत नाही. असं का, ते मलाही अजून समजलेलं नाही. तेच बघायला जायचंय."

सासूबाईंची आठ बाळंतपणं झाली होती. त्यातली तीन पोरं जगली. पोळी उलटत, मीठ मागावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "आम्हाला कोणी कधी विचारलं नाही गं." मग थोड्या वेळाने, "पुन्हा लाव बघू ते."

ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "जा. पण गल्लीत मी माझंच सांगीन."

त्यांनी मरेपर्यंत ते सांगितलं. हेमंत आजीच्या मांडीवर तेच ऐकत वाढला, त्यामुळे त्याची चूक नाही. कुमुदने आईचं आईपाशी राहू दिलं. पण तिला कोणी सरळ विचारलं तर ती सरळ सांगायची. बघायला आलेल्यांनाही पोहे यायच्या आत सांगून टाकायची. काही पोहे न खाताच उठले. तिने ते पोहे खाल्ले.

हेमंतने तिच्या फोटोशेजारी मारुतीची तसबीर ठेवली होती. मी ती उचलून देवघरात नेली आणि त्या जागी टेपरेकॉर्डर ठेवला. परवा शेजारच्या भाभीजी आल्या. "अम्माजी, ये पुराना रेडियो फोटो के पास क्यों रखा है?" मी बटन दाबलं. भाभीजींनी छातीवर हात ठेवला. "हाय राम, कौन रो रही है?"

"रो नहीं रही, बुला रही है," मी म्हटलं, आणि कोण, कुणाला, कशासाठी, ते सगळं सांगितलं. त्या पदराआड हसल्या, पण उठल्या नाहीत.

टेप चालूच होती. मादी गप्प झाली की जरा खरखर होते, मग कुणीतरी काहीतरी कुडुमकुडुम चावतंय असं ऐकू येतं, आणि त्यामागून कुमुदचा दबका आवाज : "वहिनी, चणे मागाहून खा. सगळं टेप होतंय."