मंगळवारची लाट

लातूरच्या बाहेर, नांदेड रोडला एक वॉटर पार्क आहे. तिथं मी लाटा काढायच्या कामावर आहे. गाव माझं मुखेडजवळ. आधी बोअरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचो. त्या हातावरच मला इथं घेतलं. समुद्र पाहिलाय का, हे मालकांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही की न्हाई पाहिला म्हणून.

तलावाच्या खोल बाजूला जी निळी भिंत दिसते, तिच्यामागं काँक्रीटचे सहा कप्पे आहेत. वरून बंद, खालून तलावाला उघडे. मोठा ब्लोअर त्यांच्यात हवा भरतो. हवेच्या दाबानं कप्प्यातलं पाणी खाली ढकललं जातं आणि भिंतीखालून तलावात उसळतं. मग झडप उघडून हवा सोडली की पाणी पुन्हा कप्प्यात चढतं. सगळी कला वेळ साधण्यात. झोका परत आल्यावरच धक्का द्यायचा असतो, तसंच हे. वेळ साधली तर थोड्या हवेवर अख्खा तलाव डोलायला लागतो. चुकली तर मशीन धापा टाकतं आणि पाणी जागच्या जागी डुचमळतं.

मशीनच्या खोलीला एक लहान काच आहे. दुपारी उन्हाची जाळी पाण्यावरून उठून त्या काचेतून माझ्या भिंतीवर यायची आणि हलत राहायची. मशीनच्या घरघरीत माणूस जागा आहे की झोपलाय, ते त्याचं त्यालाच कळत नसे. सुट्टीला मुखेडच्या एसटीत बसलो तरी अंग आत कुठंतरी वरखाली होत असायचं. बायको म्हणायची, "बसल्या बसल्या डुलून राहिलात. काही घेऊन आलात का काय?"

मंगळवारी पार्क बंद असतो, सफाईला. तशा एका मंगळवारी एक बाई गेटवर आल्या. तिशीच्या, उन्हानं रापलेल्या, काखेत त्यांच्यापेक्षा उंच अशी फळी. त्या मूळच्या कोकणातल्या. नवरा बँकेत, त्याची बदली लातूरला झालेली. माहेरी त्या आणि त्यांचा भाऊ लाटेवर फळी घालून उभं राहायला शिकवायचे. सर्फिंग म्हणतात त्याला.

"दादा, वर्ष झालं, लाट पाहिली नाही," त्या म्हणाल्या. "सफाई झाली की दहा मिनिटं मशीन लावाल?"

मी मालकांना फोन केला. मालक म्हणाले, कुणाला लागलं-खुपलं तर जबाबदारी त्या बाईंची. बाईंनी तिथंच कागदावर लिहून दिलं.

पण जमेना. आमची लाट लोकांनी टायरमध्ये बसून हिंदकळावं अशी. ती रुंद यायची, बाईंना नुसतं वर उचलायची आणि खाली ठेवून पुढं जायची. फळी जागच्या जागी. तीन मंगळवार असेच गेले. त्या पाण्याबाहेर येऊन केस पिळायच्या, हसायच्या, पण हसणं पुरतं नसायचं.

त्यांनी मला मोबाइलवर परदेशातले तलाव दाखवले. समुद्रापासून कितीतरी लांब, मध्येच कुठं वाळवंटात, आणि त्यात हिरवी लाट एका बाजूनं उलगडत येते, चटई सोडावी तशी. कुठं पाण्याखालून पातं ओढतात, कुठं आमच्यासारखीच हवा, पण कप्पे कितीतरी. माणसं रांगेत थांबलेली, ज्याच्या त्याच्या पाळीला तीच लाट, तेवढीच उंच.

"माझ्या भावाला एक वळण शिकायला किती वर्षं गेली," त्या सांगत होत्या. "समुद्रात तशी लाट एकदा आली की पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. इथं पोरं सकाळपासून तेच वळण पन्नास वेळा घेतात आणि दुपारी शिकून जातात. आता स्पर्धासुद्धा अशा तलावांत होतात. सगळ्यांना सारखी लाट, म्हणजे नशिबाचा भाग गेला. समुद्र न पाहिलेली माणसंही शिकतात."

"मग चांगलंच हाय की, ताई."

"चांगलंच आहे. भाऊ मात्र म्हणतो, त्यांना उभं राहता येतं, वाट बघता येत नाही. कुठली लाट सोडायची, कुठली धरायची, ते शिकायलाच अर्धं आयुष्य जातं. तलावात लाट आयती मिळते." मग फळी काखेत घेत म्हणाल्या, "मला दोन्ही पटतं."

चौथ्या मंगळवारी बायको माझ्यासोबत लातूरला आलेली होती. ती काठावर पाय सोडून बसली. बराच वेळ बघून मशीनच्या दाराशी आली.

"तुम्ही पाणी त्यांच्या अंगावर सोडून राहिलात," ती म्हणाली. "त्यांला पळायला जागा पाहिजे का न्हाई? पाणी एका कडंनं येऊ द्या, म्हणजे त्या दुसऱ्या कडंला पळतील."

मी पॅनेलपुढं उभाच राहिलो. मोबाइलवरची लाट एका बाजूनं उलगडत होती, ते मी शंभरदा पाहिलं होतं. सहाही कप्पे एकदम न सोडता एकामागून एक सोडायचे, ही एवढीच गोष्ट. टायमर आठवडाभर थोडा थोडा मागंपुढं केला. एकदा लाट मध्येच आडवी पडली, एकदा समोरून परतणाऱ्या पाण्याला धडकून फुटली. पुढच्या मंगळवारी डावीकडून पहिला कप्पा सुटला, मग दुसरा, तिसरा, आणि भिंतीजवळून पाण्याची तिरपी पाठ उठली. कंबरेएवढीच असेल. बाईंनी दोन हात मारले आणि त्या फळीवर उभ्या राहिल्या.

चार-पाच श्वास एवढा वेळ. सकाळचं ऊन, रिकामा पार्क, आणि एक बाई पाण्यावरून चालल्यासारखी तिरपी निघालेली. मला काचेतून आवाज येत नव्हता. उथळ पाण्यात फळी टेकली, त्या खाली बसल्या आणि तोंड दोन्ही हातांत घेतलं. मी घाबरून बाहेर धावलो. त्या रडत होत्या, पण म्हणाल्या, "पुन्हा लावा."

बायको तो आठवडा लातूरलाच राहिली होती. दुपारी ती म्हणाली, "मी पडू का त्या फळीवर?"

"अगं, तुला पोहायला तरी—"

"विहिरीत पोहलेली हाय मी. तुम्हाला काय ठाव?"

खरंच मला ठाऊक नव्हतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. ती पंजाबी ड्रेसवरच फळीवर पालथी पडली, ताईंनी वेळेवर ढकललं, आणि ती ओरडत, हसत, अख्ख्या तलावातून वाहत काठापर्यंत आली. मी तिला इतक्या मोठ्यानं हसताना ऐकलेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात बोअरचं पाणी आटलं आणि मालकांनी लाटेचा तलाव बंद ठेवला. मला ते बरोबरच वाटलं. त्याच सुमारास ताईंच्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली, माहेराच्या बाजूला. जाताना त्यांनी फळी बायकोला दिली. "तळाला घासू देऊ नका, फुटेल," एवढंच म्हणाल्या. पावसाळ्यानंतर तलाव भरला आणि बायको दर मंगळवारी येऊ लागली. वर्षभरात ती उभी राहायला शिकली. पुढं जवळपासच्या चार बायकाही आल्या. मालक आधी कुरकुरले, मग स्वतःच बघायला येऊन बसायला लागले.

गेल्या जानेवारीत ताईंनी आम्हाला कोकणात बोलावून घेतलं. समुद्र पाहिला. बायको फळी घेऊन सरळ आत गेली आणि पहिल्याच लाटेनं तिला उलटीपालटी करून वाळूवर आणून टाकलं. ताई म्हणाल्या, "घाई करू नका. आत जाऊन बसा नुसतं." ती गेली. लाटा फुटायच्या त्याच्या पलीकडं दोघी फळ्यांवर बसून राहिल्या, ठिपक्याएवढ्या.

मला करायला काहीच नव्हतं. ना पॅनेल, ना झडप. वाळू ऊबदार होती. मी तिथंच आडवा झालो आणि झोपलो. जागा झालो तेव्हा बायको शेजारी बसली होती, ओठ मिठानं पांढरे, डोळे लाल.

"धरली का एखादी?"

"एकच धरली," ती म्हणाली. "बाकी सगळ्या जाऊ दिल्या. लई वेळ लावतो हा समुद्र." मग फळी उचलून ती पुन्हा पाण्याकडं निघाली.