शाहीनच्या ड्रॉवरमधली डिस्क

"अरे गायके, तुझा तो अँटिव्हायरस मला काम करू देईना. बंद कसा करायचा, तेवढं सांग."

फोन शेळके साहेबांचा. चिकलठाण्याला त्यांची टूल रूम आहे. म्हणजे प्लास्टिकच्या वस्तू ज्या साच्यांत घडतात, ते साचे तिथं बनतात. तिथले कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. त्या वेळी मी क्रांती चौकातल्या एका दवाखान्यात टेबलाखाली घुसून वायरी ओढत होतो.

कस्टमरनं नवीन ड्रॉइंग पाठवलं होतं, ते यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नव्हतं. साहेब डिझायनर शाहीनच्या कॉम्प्युटरवर बसले आणि गूगलवर सापडला तो फुकटचा कन्व्हर्टर उतरवला. कन्व्हर्टर म्हणजे एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात करून देणारा प्रोग्राम. अँटिव्हायरसनं तो अडवला.

"सर, कस्टमरकडून जुन्या व्हर्जनमध्ये मागवा की."

"आणि काय सांगू? आमच्याकडं सॉफ्टवेअर नाय म्हणून? इज्जत घालवतो का माझी?"

फोन स्पीकरवर होता. मागून शाहीन म्हणाली, "सर, नको ना. ती साइट बरोबर वाटत नाही."

"तू थांब गं."

मी तिथंच नाही म्हणायला पाहिजे होतं. पण हातात वायर, बाहेर डॉक्टर ओरडतोय, आणि साहेबांशी हुज्जत घालायचा कंटाळा. "दहा मिनिटं बंद करा, काम झालं की चालू करा," म्हणालो. कुठं क्लिक करायचं तेही सांगितलं. इतकी वर्षं या धंद्यात घालवून हे बोललो मी! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

कन्व्हर्टर उघडलाच नाही. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत एकेक फाइल मात्र बंद पडत गेली. याला रॅन्समवेअर म्हणतात. तुमच्याच फाइलींना कुलूप लावायचं आणि किल्लीसाठी तुमच्याकडूनच पैसे मागायचे. सर्व्हरवरची सगळी ड्रॉइंग गेली. बॅकअपची डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली असायची, कारण रोज काढ-घाल करायला साहेबांना नको होतं. ती पण गेली.

मी पोचलो तर साहेब डोकं धरून बसलेले. शाहीननं ड्रॉवर उघडला आणि एक छोटी डिस्क पुढं ठेवली.

"शनिवारपर्यंतचं सगळं यात आहे, सर."

दर शनिवारी कॉपी घ्यायची आणि डिस्क काढून ठेवायची, ही सवय तिला मीच लावली होती. डिस्क आधी वेगळ्या लॅपटॉपवर तपासली. एकदम स्वच्छ. सगळे कॉम्प्युटर पुसून नव्यानं भरले आणि दोन दिवसांत कारखाना चालू झाला. लई मोठं काम केलंस, असं मी तिला म्हणालो. साहेब कस्टमरला फोन लावायला केबिनमध्ये गेले.

मग कस्टमरनं लेखी कारण मागितलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शाहीन आधीच उभी होती.

"हिनं कंपनीचा डेटा परस्पर कॉपी करून ठेवला होता," साहेब म्हणाले. "त्या बाहेरच्या डिस्कमधूनच व्हायरस आला. तसं लिहून दे."

"सर, डिस्क तर मी स्वतः तपासली..."

"मग काय लिहू? कॉम्प्युटरवाल्यानंच अँटिव्हायरस बंद करायला लावला, असं?"

शाहीन माझ्याकडं बघत होती. त्या दिवशीचा फोन तिनं शब्दन्‌शब्द ऐकला होता. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

"सर, कुछ तो बोलो."

मी कागद पुढं ओढला. लिहून दिलं, 'व्हायरस बाहेरच्या डिस्कमधून आल्याची शक्यता आहे.' शक्यता, म्हणे! तेवढा शब्द घालून मी स्वतःची समजूत काढली आणि खाली सही ठोकली. त्याच संध्याकाळी तिला काढलं. लाज वाटते मला याची, आजही वाटते.

गेल्या महिन्यात पडेगावच्या एका छोट्या कारखान्यानं कॉम्प्युटर सांभाळायला मला बोलावलं. ऑफिसात शिरलो तर समोर शाहीन.

"आमच्या मॅडमच बघतात हे सगळं," मालक म्हणाले. "मॅडम, ओळखता का यांना?"

"ओळखते ना. काम चांगलं येतं त्यांना." तिचा आवाज अगदी शांत होता. "फक्त त्यांनी फोनवर काही सांगितलं तर लेखी मागा. आणि लेखी दिलं, तर दुसऱ्याकडून तपासून घ्या."

मालक हसले. त्यांना ती गंमत वाटली. मी पाणी पिऊन निघालो.

ते काम मला मिळालं नाही, मिळायला नकोच होतं. आता लोकांना मी एवढंच सांगतो. प्रोग्राम ज्याचा, त्याच्याच साइटवरून उतरवा. अँटिव्हायरस नाही म्हणाला, तर समोर मालक असो की कुणी, नाहीच म्हणा. ऐकणारे मान डोलावतात. त्यांना वाटतं, हा माणूस असंच वागत असणार.