मालोजीचा छंद

चार प्रश्न विचारले की माणूस आरपार कळतो, हा शोध आमच्या राजवाडे साहेबांना त्र्याहत्तर साली लागला. साहेब चिंचवडच्या आमच्या कंपनीत पर्सोनेल ऑफिसर. कुठल्याशा गुळगुळीत साप्ताहिकात त्यांनी नटनट्यांच्या मुलाखती वाचल्या होत्या. वर्धापनदिनाच्या अंकासाठी तेच प्रश्न आता एका कामगाराला विचारायचे होते. टाइप करायला मी.

कामगार म्हणून गेटवरून मालोजीला उचलून आणलं. गावठाणातला माणूस, अकरा वर्षं बदली. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. आत कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत घरी. यंदा प्रथमच त्याचं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीत होतं आणि यादीवर सही राजवाडे साहेबांची व्हायची होती. मागच्याच महिन्यात साहेबांनी तोंडाला दारूचा वास येतो म्हणून दोघांची नावं खोडली होती. आता मालोजी खुर्चीच्या कडेवर बसला होता, ते उगीच नाही.

"आवडता पदार्थ?"

"भाकरी."

"अहो, *आवडता* विचारतोय!"

"मग ताजी भाकरी."

साहेब माझ्याकडे वळले. "लिहा, साधा सात्त्विक आहार. हं, आयुष्यातलं स्वप्न?"

"रोज कुनीतरी आजारी पडावं."

"काय?"

"त्याबिगर आमाला आत कोन घेतंय साहेब?"

"लिहा, सर्वांना आरोग्य लाभावं. छंद?"

मालोजी पांढराफटक पडला. साहेबांचा छंद म्हणजे पोस्टाची तिकिटं. गावठाणात छंद लागतो तो बाटलीचा, नाहीतर बाईचा.

"कुनी सांगितलं तुमाला?"

"सांगायला कशाला हवं? प्रत्येकाला असतो. मला नाही का?"

"तुमालाबी?" मालोजीच्या डोळ्यांत पहिल्यांदाच साहेबांविषयी आदर दिसला.

"रोज संध्याकाळी तासभर. बायको चिडते, पण त्याशिवाय चैन पडत नाही."

"व्हय, तसंच असतंय त्ये." मालोजी पुढं सरकला. "पर म्या सोडला साहेब. चार वर्षं झाली. आईच्यान!"

"अरेरे! सोडू नये हो. माणूस कोरडा होतो."

"त्येच तर बायकोला पायजे व्हतं."

साहेबांनी सांगितलं तसं मी टाइप केलं : 'छंद पूर्वी होता, सध्या वेळेअभावी बंद.' हसू आवरताना कागदावर दोन अक्षरं चुकली.

अंक निघाला आणि मशीन शॉपभर हसण्याची लाट गेली. साहेबांना वाटलं, अंक आवडला. वर्धापनदिनाला ते माइकसमोर उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "मालोजीरावांचा जुना छंद पुन्हा सुरू व्हावा म्हणून कंपनी त्यांना सर्वतोपरी मदत करील!"

मांडव फुटायचा राहिला. "साहेब, आमालाबी!" कुणीतरी ओरडलं. "रविवारी डबल द्या!" पुढच्या रांगेत मालोजी मात्र मान खाली घालून टोपी कुस्करत होता. अकरा वर्षं त्या टोपीतून गळून चालली होती.

हशा जरा जास्तच झाल्याचं अखेर साहेबांच्याही ध्यानात आलं. ते माझ्या कानाशी वाकले. "बाई, नक्की कसला छंद होता हो याला?"

यादी त्यांच्याच खिशात होती, सही न झालेली.

"बासरी, सर."

"मग हसतात काय ही गाढवं?"

"कलेची कदर नाही, सर."

साहेबांनी खेदानं मान हलवली. माणसं ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता ना! दुसऱ्या दिवशी यादीवर सही झाली आणि कंपनीच्या खर्चानं मालोजीला एक बासरी मिळाली, लाल गोंड्याची.

महिन्याभरानं तो हजेरीकार्ड दाखवायला आला. कायम कामगाराचं, नवं कोरं.

"बासरी वाजवता का मालोजीराव?"

"कशाची वाजवतोय! बायकोनं चुलीपाशी ठेवली फुंकणी म्हनून. तर तिला सात भोकं." तो साहेबांच्या बंद दाराकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "तेवढ्या कामाचीबी न्हाई."