बाळाविना बाळंतीण

"मशीन बिघडलंय तुमचं! दुसरं आणा! नाहीतर मी आणते, चला!"

हे ओरडणारी बाई मी. जागा मीरा रोडच्या एका हॉस्पिटलातली सोनोग्राफीची खोली. टेबलावर माझी भाची केतकी, पोटावर गार जेल, नववा महिना नुकताच लागलेला. मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. माझा आवाज तारेशिवाय वसईपर्यंत पोचतो, असं आमच्या खात्यात म्हणायचे. त्या दिवशी खालचे शेअर रिक्षावाले सीट भरायची सोडून वर बघत राहिले असणार.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. घाबरल्या नाहीत, चिडल्या नाहीत. मला स्टूल पुढे केलं आणि केतकीकडे बघून म्हणाल्या, "केतकी, बाळाचे ठोके थांबलेत. मी पुन्हा पुन्हा बघितलं. मला फार वाईट वाटतंय."

फाइलवर त्यांनी लिहिलं 'इंट्रायूटेराइन डेथ', म्हणजे बाळ पोटात असतानाच गेलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तपासण्या करू. पण पुष्कळदा कारण सापडत नाही. तिच्या हातून काही चुकलेलं नाही, एवढं मात्र नक्की."

तुमच्या घरात असं कुणावर आलं, तर हे शेवटचं वाक्य पाठ करा. पुढे पपई, ग्रहण, रिक्षातले धक्के आणि लिफ्ट बंद असताना चढलेले जिने अशी कारणं घेऊन माणसं येतातच. तेव्हा ते तोंडावर मारायला हाताशी हवं.

मला वाटलं होतं, आता ऑपरेशन करून बाळ काढतील आणि पोरीची सुटका होईल. तसं नसतं. "इंडक्शन करू," मॅडम म्हणाल्या. म्हणजे औषध देऊन कळा आणायच्या, आणि मग नेहमीसारखीच प्रसूती. सगळ्या कळा द्यायच्या, शेवटी रडण्याचा आवाज यायचा नाही, हे माहीत असताना.

बाहेरच्या बाकावर मी काही बसले नाही. बाक ते पाण्याचा कूलर, कूलर ते बाक, एवढी चालले की सरळ चालत गेले असते तर पालघर आलं असतं. शेजारच्या कुटुंबाला मुलगा झाला, त्यांनी पेढा पुढे केला. नको म्हटलं तर का ते सांगावं लागेल, म्हणून खाल्ला. शिवाय मी त्यांना गोष्ट सांगितली की एकदा ट्रंक कॉलवर मी अख्खं बाळंतपण केलं होतं, इकडून 'जोर कर' म्हणायची आणि तिकडे बाळ. (खरं म्हणजे मी फक्त डॉक्टरला फोन जोडून दिला होता.) मी बोलायची थांबले असते तर तिथेच फरशीवर बसले असते.

तेवढ्यात भाईंदरजवळच्या मुर्ध्याहून आमच्या विहीणबाई आल्या, केतकीच्या सासूबाई. मिठागरांच्या घरच्या, हाताने दणकट, बोलायला मोजक्या. त्यांनी येताच सिस्टरला बजावलं, "पोरीला तोंड नका दावू बालाचं. माया लागते मंग."

मीही मान हलवली. जावई नीलेशनेही हलवली. आमच्या तिघांचं कधी नव्हे ते एकमत झालं होतं, आणि जिचं बाळ तिला कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमनी विचारलं.

"द्या," केतकी म्हणाली.

मुलगी होती. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, डोक्यावर भरपूर जावळ. केतकीने तिची बोटं एकेक करून उलगडली. नीलेश तिच्या खांद्याला धरून उभा होता. विहीणबाई खिडकीकडे तोंड करून राहिल्या, शेवटपर्यंत वळल्या नाहीत. आणि मी गप्प होते. माझ्या ओळखीच्या कुणालाही विचारा, विश्वास बसणार नाही.

नीलेशने बाळाला मुर्ध्याला नेऊन मातीत ठेवलं.

पहिलं बाळंतपण माहेरी. केतकीची आई लवकर गेली, तेव्हा तिचं माहेर म्हणजे मीरा रोडच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधला माझा वन-बीएचके. तिला घरी आणायच्या आधी मी वादळासारखं घर आवरलं. आणून ठेवलेली दुपटी-झबली गेलीच. पण त्याबरोबर शेक द्यायची शेगडी माळ्यावर टाकली. बाळंतशोपा, अळीव दिसेनासे केले. महिनाभर खपून केलेले डिंकाचे लाडू वॉचमनला देऊन टाकले. तेल लावायला ठरवलेल्या बाईला फोन करून सांगितलं, येऊ नका. बाळ नाही, मग बाळंतपण कसलं? हे कुणी तोंडाने म्हणालं नाही. सगळे वागले मात्र तसेच.

दोन दिवसांनी केतकीला दूध आलं.

ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगते. गाऊन भिजला, छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण. मी मॅडमना फोन लावला. "शरीराला बाळंतपण झालंय एवढंच कळतं," त्या म्हणाल्या. "गार पट्ट्या ठेवा, नीट बसणारी ब्रा घाला. ताप चढला, लाली आली तर लगेच घेऊन या. आणि मावशी, तिच्या मनाकडे लक्ष ठेवा. झोप उडाली, जगणं नको असं काही बोलली, तर वाट बघू नका."

झोप कुठली! केतकी स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. कपाटं उघडायची, बंद करायची. तिच्यामागे मी. दोघी मिळून लादी झिजवत होतो.

"मावशी, शेगडी कुठाय?"

"दुरुस्तीला दिलीय."

"शेगडीत दुरुस्त करण्यासारखं काय असतं गं?"

मी कुकर लावायला पळाले.

दारावर माणसं येऊ लागली. एकीने 'तरुण आहे, दुसरं होईल' असं म्हणून बघितलं आणि केतकी बाथरूममध्ये जाऊन बसली. तेव्हापासून मी दारात उभी राहिले, आणि थापा मारण्यात माझा हात मीरा-भाईंदरमध्ये कुणी धरू नये. दुसऱ्या मजल्यावरच्यांना सांगितलं, केतकी नाशिकला गेली. सेक्रेटरीच्या बायकोला म्हटलं, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. शेजारच्या जिग्नाबेन डबा घेऊन आल्या, त्यांना म्हटलं, "छोटी माता निकली है भाभी, पास मत आना." त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि उलट्या पावली गेल्या.

या सगळ्या बायका एका संध्याकाळी भाजीच्या गाडीवर भेटल्या. नाशिकला गेलेल्या, बोलायला बंदी असलेल्या मुलीला कांजिण्या आल्यात, असं त्यांनी एकत्र जुळवलं. जिग्नाबेन तडक वर आल्या.

"सच बोलो मौसी, बच्ची को हुआ क्या है?"

मी नवी थाप शोधत होते. मागून केतकी आली, गाऊन पुढून ओला, केस मोकळे.

"कुछ नहीं निकला है, भाभी. बेटी हुई थी. चली गई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, मी कुठेही गेले नाहीये. मला मुलगी झाली. एवढं एक सोडून तू जगाला सगळं सांगितलंस."

जिग्नाबेननी चपला काढल्या, आत आल्या, ओट्यावरचा स्वतःचाच डबा उघडला. त्यात गुंदरपाक होता, त्यांच्याकडे बाळंतिणीला देतात तो, डिंकाचा. "खाया नहीं?" त्यांनी मला विचारलं.

"अब किसलिए…" मी म्हटलं.

"किसलिए क्या? डिलिव्हरी तो हुई ना? इसकी कमर नहीं दुखती?"

केतकीने तुकडा उचलला. चावता चावता ती रडायला लागली, घरी आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने. जिग्नाबेननी तिला दुसरा तुकडा दिला. "नाम सोचा था?" केतकीने सांगितलं. ते नाव आमच्यापाशीच राहू दे.

त्या रडण्याने ती बरी झाली, असं मी अतिशयोक्ती करूनही म्हणणार नाही. अजून बरी नाही. मॅडमनी सुचवलेल्या काउन्सेलरकडे ती जाते. तिथे बसून बोलते, नीलेशही कधी कधी तिच्याबरोबर जातो. पण मी स्टुलावर चढून शेगडी खाली काढली. डिंक पुन्हा आणला. तेलवाल्या बाईने दुसरं घर धरलं होतं, तेव्हा मुर्ध्याला फोन केला.

विहीणबाई खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. पदर खोचला, केतकीला पाटावर बसवलं आणि बाळंतिणीला लावतात तसं तेल लावायला लागल्या, पाठ, कंबर, पोटऱ्या. मी ओवा-शेपांची धुरी धरली होती. घरात बाळंतिणीचा वास भरला. माझी जीभ वळवळत होती, एखादी गोष्ट सांगावी, वातावरण हलकं करावं. मी ओठ आवळून बसले.

केतकीच्या पाठीमागे बसल्या बसल्या, तोंड दिसत नव्हतं अशा जागी, विहीणबाई म्हणाल्या, "माजा पयला गेला तवा मना कोनी दावला न्हाय."

तेलाचा हात पाठीवरून फिरत राहिला, मग खांद्यापाशी थांबला.

"कोनावर गेलती गो?"

"तुमच्यावर," केतकी म्हणाली.