पाण्याची गोळी

"पंधरा दिवसांत एकबी गोळी खाल्ली नाही, अन् पायाचे खांब झाल्यावर मले दाखवाले आली काय, मावशी?"

पवनीच्या दवाखान्यातली नर्स ओरडली, तेव्हा वैनगंगेपलीकडच्या म्हशींनीही निमूट आपापली औषधं घेतली असावीत. मी रांगेत होतो. माझा खोकला जागीच बरा झाला. नर्सबाईंनी गोळ्यांचं पाकीट उजेडाकडे धरलं, अंगठ्याने एकेक घर दाबून पाहिलं आणि त्यावर निळ्या पेनने सूर्य काढला. निरक्षरालाही कळेल असा सूर्य. मला पदवीधराला तो ऑम्लेट वाटला.

"सकाळी एक. अंगातलं पाणी लघवीवाटे निघते. नाही निघालं तं छातीत भरते अन् जीव जाते. सांग आता, काय करशीन?"

"सकाळी एक," समोरची साठीतली बाई म्हणाली.

"समजते तुले. मंग काहून नाही खाल्ली?"

अडाणीपणा, आळस, अंगारा. रांगेतल्या आम्हा शहाण्यांनी मनातल्या मनात उत्तरं देऊन टाकली होती.

"धानाचा रोवना सुरू हाये, बाई, दिवसभर वावरात रोपं लावनं. गोळी खाल्ली का घंट्याघंट्याले जावं लागते. उघड्या बांधीत बाईमाणसाले आडोसा कोठी हाये?"